चिमाआत्याची बालवाडी

चिमाआत्या नक्की कधी जन्मली हे आमच्या घरात कुणालाच सांगता यायचं नाही. तांबडी गाय विहिरीत पडली त्या साली, असं आबा म्हणत. पण ती गाय दोनदा पडली होती, त्यामुळे दोन-तीन वर्षं इकडची तिकडे. मी सातवीत होते तेव्हा आत्या चोवीस-पंचवीस वर्षांची असावी. आबांची ही सगळ्यात धाकटी बहीण. बुटकी, गुबगुबीत, तोंड वाटोळं, डोळे बारीक नि थोडे तिरके, आणि जीभ तोंडात पुरती मावत नसल्यासारखी जरा बाहेर. शब्द अर्धाच बोलायची. मी इंदू, म्हणून मी 'ई'. भाकरी म्हणजे 'भाक', गाय म्हणजे 'गा', आबा नुसते 'आ'. उरलेला अर्धा शब्द ऐकणाऱ्यानं आपल्या पदरचा घालायचा. आकडे तिला तीनच यायचे: एक, दोन, लई. भाकऱ्या ती लई खायची.

माझी नात डॉक्टरकी शिकते. माझ्याजवळ बालवाडीचा एक पिवळा पडलेला फोटो आहे, तो बघून तिनं जागच्या जागी निदान केलं. म्हणाली, "आजी, ह्यांच्यात एक गुणसूत्र जास्त असतं." मी म्हटलं, बघ, आणि अख्खा गाव जन्मभर म्हणत होता की हिच्यात काहीतरी कमी आहे. आमच्या मुळशीतल्या रिह्याच्या खोऱ्यात तेव्हा निदानांची चैन नव्हती. मुका, बहिरा, फेफरं येणारा, उशिरा चालायला लागलेला आणि बापाशी भांडून घर सोडून गेलेला, असे सगळे एकाच शब्दात बसायचे: येडं. आता 'विशेष' म्हणतात. आत्याला कुणी विशेष म्हटलं असतं तर ते खायचं असतं का, एवढंच तिनं विचारलं असतं.

उपचार मात्र सगळे झाले होते. देवऋषी येऊन घरात मिरच्यांची धुरी देऊन गेला होता. त्या धुरीनं आम्ही सगळे खोकून खोकून अंगणात आलो, देवऋषी सगळ्यात आधी आला, आणि आत्या एकटीच आत बसून आमच्याकडे बघत हसत होती. गळ्यात ताईत इतके की चालताना वाजायची. त्याचा फायदा एवढाच की ती कुठं आहे ते कळायचं. मग कुणीतरी सांगितलं, लगीन लावून द्या, आपसूक सुधरंल. डोंगरापलीकडून एक बिजवर आला. सकाळी सकाळीच ढोसून आला होता. भिंतीला टेकून त्यानं विचारलं, "पोरीला सैपाक येतो का?" आई चुलीपुढून म्हणाली, "तुमाला भिताडाबिगर हुबं ऱ्हाता येतं का?" ते स्थळ तिथंच संपलं. आबा दोन दिवस आईशी बोलले नाहीत, पण दुसरं स्थळही त्यांनी आणलं नाही.

आमच्या घराची सकाळ म्हणजे आईचा आवाज. जात्याची घरघर, आंबेमोहोराच्या पेजेचा वास, चुलीत न पेटणारं ओलं लाकूड, आणि त्या सगळ्यावरून आई: "चिमे, पानी आन, कोंबड्या सोड, शेन काढ, आन येताना दोन लाकडं घिऊन ये." आत्या अंगणाच्या मधोमध उभी राहायची. चार हुकूम एकदम आले की तिच्या डोक्यात त्यांची चेंगराचेंगरी व्हायची आणि एकही बाहेर पडायचा नाही. मग आई पाठीत एक धपाटा घालायची. आत्या रडायची नाही, गोठ्यात जाऊन गाईच्या मानेखाली खाजवत बसायची आणि हुं हुं हुं असं काहीतरी गुणगुणायची. आई मनानं वाईट नव्हती. सहा माणसांचं रांधायचं, शेतावर जायचं, त्यात ही नणंद. तिच्या हातात धपाट्यापलीकडे दुसरं काही साधनच नव्हतं.

आणि माझं दुखणं वेगळंच होतं. मला आत्याची शेपटी नेमलं होतं. नदीवर गेली तर मागे मी, परड्यात गेली तर मागे मी. शाळेतली पोरं मला 'येडीची शेपूट' म्हणत. माणूस प्राण्याची शेपूट असेल तर चालतं, पण येडीची म्हणजे फारच झालं. मी हुशार होते, वर्गात पहिली यायचे, तालुक्याला पौडला परीक्षेला बसून पुढं शिकायचं माझ्या डोक्यात होतं, आणि माझ्या भविष्याच्या आड ही जीभ बाहेर काढून हसणारी बाई उभी आहे असं मला खरंच वाटायचं. आत्मकथनात लेखक लहानपणी मोठा कोवळ्या मनाचा असतो. मी नव्हते.

अशात गावात बालवाडी आली. पौडच्या विकास गटाकडून एक ग्रामसेविका बाई आल्या: पुण्याच्या, पांढरं पातळ, पायात चपला, खांद्याला कापडी पिशवी. चपला पहिल्याच आठवड्यात चिखलानं खाल्ल्या. भैरोबाच्या देवळाच्या ओसरीवर बाईंनी बालवाडी मांडली. लाकडी ठोकळ्यांची एक पेटी, चौदा पोरं आणि दुधाच्या पावडरीचा एक डबा. त्या दुधाला ओल्या भिंतीसारखा वास यायचा. पोरं तोंड फिरवायची, बाई "शक्ती येते" म्हणायच्या, आणि गावातल्या म्हशी दारात उभ्या राहून हा प्रकार बघायच्या.

बाई घरोघर पोरं गोळा करत आमच्याकडे आल्या तेव्हा आत्या अंगणात उभी होती, नेहमीसारखी, चार हुकमांच्या मधोमध. बाईंनी आईला विचारलं, "ह्यांना का नाही पाठवत?"

आईला वाटलं त्या माझ्याबद्दल बोलतायत. "ही सातवीत हाय की."

"ही नाही. ह्या."

आई हसली. "बाई, ती पंचीस वर्साची हाय."

"मग काय झालं?" बाई म्हणाल्या. "पंचविसावं वर्ष रिकामं घालवायचं असं कुठं लिहिलंय?"

आईनं परवानगी दिली ती शिक्षणावरच्या श्रद्धेनं नाही. दुपारभर आत्या घरात नसेल, हे तिला त्या वाक्यात ऐकू आलं. दुसऱ्या दिवसापासून चिमाआत्या तीन-चार वर्षांच्या पोरांच्या रांगेत मांडी घालून बसू लागली. तिला सोडायला आणि आणायला अर्थात मी. गावानं पहिले आठ दिवस देवळासमोरून मुद्दाम फेऱ्या मारल्या. पहिल्या दिवशी तिनं खडू खाल्ला. दुसऱ्या दिवशी पाटी फुटली. पावडरीचं दूध मात्र तिला मनापासून आवडलं. चौदा पोरांनी टाकलेलं सगळं ती प्यायची, त्यामुळे डबे वेळेवर संपायचे आणि पौडला बाईंचं नाव झालं.

बाईंनी महिनाभर तिला गोल काढायला शिकवलं. गोल काही निघाला नाही. पण तेवढ्या दिवसांत बाईंच्या ध्यानात दुसरंच आलं. एखादं पोर रडायच्या बेतात आलं की आत्या त्याच्याशेजारी आधीच जाऊन बसलेली असायची. कुणाला शू लागलीय हे त्या पोराच्या आधी तिला कळायचं. नाकं ती न सांगता पुसायची, आपल्याच पदरानं, आणि त्या पदराची पुढची कथा मी सांगत नाही. बाईंनी पाटी बाजूला ठेवली आणि तिला कामं शिकवायला घेतली. एका वेळी एक. तोंडानं सांगायचं नाही, हात धरून करून दाखवायचं, ते जमेपर्यंत दुसऱ्याचं नावही काढायचं नाही. ओसरीच्या तोंडाला बांबूची ताटी होती, पोरं बाहेर पळू नयेत म्हणून ती सुंभानं बांधावी लागे. ती बांधायला शिकायला आत्याला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी तिनं बांधली, आणि नंतर ती गाठ सोडायला बाईंना कोयता घ्यावा लागला.

एकदा आई देवळापाशी थांबून हे बघत होती. बाई म्हणत होत्या, "चिमाताई, पेला." आत्यानं पेला आणला. "आता पाणी." पाणी आणलं. आई घरी आली आणि चुलीपुढं बसली. मग चुलीत फुंकणी घालता घालता म्हणाली, "येका टायमाला येक सांगायचं. एवढंच हुतं व्हय? मला कुनी आदी न्हाई सांगितलं." चुलीचा धूर डोळ्यात गेला म्हणून तिनं पदर लावला, असं मी तेव्हा समजले.

पुढचं आवणीच्या दिवसांतलं. भाताची रोपं उपटून खाचरात लावायचे ते पंधरा-वीस दिवस आमच्याकडे गावात माणूस दिसत नसे. बाया सकाळपासून गुडघाभर चिखलात, शाळेला आवणीची सुट्टी, आणि सगळी चिल्लीपिल्ली दिवसभर बालवाडीत. नेमकं तेव्हाच पौडला बाईंचं चार-पाच दिवसांचं शिबिर निघालं. जाताना त्यांनी मला बोलावलं. "इंदू, चिमाताई पोरं सांभाळतील. तू फक्त मोठं माणूस म्हणून बस." मी बारा वर्षांची, आत्या पंचविसाची, आणि मोठं माणूस मी. मला फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं दुपारपर्यंत टिकलं. दुपारी माझ्या दोन मैत्रिणी आल्या आणि म्हणाल्या, वरच्या बांधाला खेकडे निघालेत. पावसाच्या दिवसांतल्या खेकड्याच्या कालवणासाठी मुळशीतलं माणूस काय करील ते सांगता येत नाही. मी ताटी सरकवली, बाहेर पडले, ती पुन्हा ओढली आणि न बांधताच पळाले. आत्या आतून "ई, ई" करत होती. मी मागे वळून बघितलं नाही.

परकराच्या ओच्यात सहा-सात खेकडे घेऊन मी बांधावरून परत येत होते तेव्हा खालच्या खाचरात मला आत्या दिसली. शेजारच्या ठकूकाकीचा तीन वर्षांचा बबन ताटीतून निसटला होता आणि बेडकांच्या मागे खाचरात उतरला होता. नुकती चिखलणी झालेलं खाचर; ते पोर कमरेपर्यंत रुतलं आणि तोंडावर पडलं. मी पाहिलं तेव्हा आत्या चिखलात बसकण मारून त्याला केसांना धरून ओढत होती. ओढताना त्याचं कपाळ बांधाच्या दगडाला लागलं, रक्त आलं. मग तिनं त्याला दोन्ही पायांना धरून उलटं केलं आणि पाठीत थापट्या मारायला लागली. आमच्या गोठ्यात वासरू जन्मलं आणि श्वास घेईना की आबा तसंच करत. दोन थापट्या, तीन थापट्या, आणि बबनच्या तोंडातून चिखलाचं पाणी पडलं आणि त्यानं आभाळ फाडणारा टाहो फोडला.

तो टाहो ऐकून पलीकडच्या शेतातल्या बाया वर आल्या. त्यांना दिसलं ते एवढंच की येडीनं पोर उलटं टांगलंय, पोराच्या तोंडावर रक्त आहे आणि ती त्याला बडवतीय. ठकूकाकी चिखलातून कशी आली ते कळलंच नाही. तिनं पोर हिसकावलं आणि आत्याच्या थोबाडीत अशी दिली की आत्या बांधावर आडवी झाली. मग सगळ्या माझ्याकडे वळल्या.

"इंदे, तू हुतीस नव्हं तितं? काय झालं?"

मी सगळं पाहिलं होतं. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी म्हटलं, "आत्याच त्याला घिऊन आली. म्या नगं नगं म्हनत हुते."

त्या क्षणी ओच्यातल्या एका खेकड्यानं परकरावरून माझ्या मांडीला नांगी लावली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बायांना वाटलं, पोर घाबरली. एकीनं मला जवळ घेतलं. आत्या उठून बसली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, ओच्याकडे बघत होती.

देवळाकडे परत गेले तर ताटी बंद होती. बाहेरून. सुंभाची तीच ती कोयत्यानं तोडावी लागणारी गाठ. उरलेली तेरा पोरं बांबूच्या फटींतून बाहेर बघत होती. बबन निसटल्याचं कळल्यावर त्याच्यामागे धावायच्या आधी आत्यानं मी न बांधताच सोडलेली ताटी बांधली होती. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. आज साठ वर्षांनी सांगतानाही मी ते वाक्य दोनदा खोडून लिहिलं आहे.

संध्याकाळी पोलीस पाटील आमच्या ओट्यावर आले. म्हणाले, "आज पोर वाचलं. उद्याचं काय? पुन्यात येक आश्रम हाय, असल्यांना ठिवून घेत्यात. अर्ज करा." अर्ज त्यांनीच लिहिला, आबांनी सही केली. जागा होईपर्यंत काय, तर आबांनी गोठ्यात आत्याच्या पायाला दावं बांधलं. बांधताना ते तिच्याशी बोलत होते, नव्या बैलाशी बोलतात तसं, हळू आवाजात. आत्यानं पाय पुढं केला. तिला वाटलं, काहीतरी नवं शिकवतायत.

चार दिवस ती गोठ्यात होती, आणि चारही दिवस तिचं एकच चालू होतं: "ई खेक. ई खेक." आई भाकरी घेऊन गेली की, "ई खेक." आबा वैरण टाकायला गेले की, "ई खेक." मी तर गोठ्याच्या बाजूला फिरकतच नव्हते. आई म्हणाली, "बिचारीला खेकडं खावंसं वाटत्यात." मी ताटातला भात तसाच ठेवून उठले.

तिकडे बालवाडीची दशा बघण्यासारखी झाली होती. बाया पाळीपाळीनं पोरं सांभाळायला बसल्या. पहिल्या दिवशी जी बसली ती दुपारी रडत शेतावर आली. दुसरीनं पोरांना दम दिला, तर पोरांनी ताटीच उपटली. बबन कपाळाला हळद लावून "चिमा पायजे" म्हणून भोकाड पसरायचा आणि ठकूकाकी त्याला रट्टा द्यायची. पोरं खाचरात घुसत, लावलेली रोपं उपटून आईला आणून देत. आवणी दोन दिवस मागं पडली. तरी येडीला परत आणा असं कुणी म्हणेना. एकदा दिलेली थोबाडीत मागे घेणं गावाला फार जड जातं.

पाचव्या दिवशी दुपारी बाई पौडहून परतल्या. देवळात रिकामी ओसरी बघून, भिजलेल्या पातळासकट थेट आमच्याकडे आल्या. आईनं नेमकं त्या दिवशी आत्यासाठी खेकड्याचं कालवण केलं होतं. गोठ्यातच तिच्यापुढं ताट ठेवलं. बाई गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या. आधी त्यांनी दावं बघितलं, मग आईकडे बघितलं. शेणामुतात तशाच आत्याच्या शेजारी बसल्या. आईनं रीत म्हणून त्यांच्यापुढंही वाटी ठेवली. बाईंनी जन्मात खेकडा खाल्लेला नव्हता. त्या वाटीकडे बघत होत्या आणि वाटीतनं एक नांगी त्यांच्याकडे बघत होती.

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. आत्यानं कालवणाला हात लावला नाही. तिनं ताटातली एक नांगी उचलली, माझ्याकडे रोखली आणि म्हणाली, "ई खेक. ई ग्ये. ब पा."

"खा की गं," आई म्हणाली. "तुज्यासाठीच केलंया."

"थांबा," बाई म्हणाल्या. "त्या मागत नाहीयेत. त्या सांगतायत." मग आत्याकडे वळून, एका वेळी एक: "चिमाताई, कोण?"

"ई."

"इंदू. इंदूनं काय?"

"खेक."

"इंदू खेकड्यांना गेली?"

आत्यानं इतक्या जोरात मान हलवली की गळ्यातले सगळे ताईत वाजले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या ओरडल्या असत्या तर मी अजून एक खोटं बोलले असते. मला ते येत होतं. पण त्या नुसत्या म्हणाल्या, "इंदू, ह्यांना खोटं बोलता येत नाही. मी पुष्कळ शिकवलं, ते नाही शिकवलं."

मी हातातला तांब्या खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. न बांधलेली ताटी, बांध, उलटं धरलेलं पोर, बाहेरून मारलेली गाठ. आबा माझ्या मागे येऊन उभे होते ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं, आता मार बसतो. ते माझ्या बाजूनं आत गेले, खाली बसले आणि दावं सोडायला लागले. गाठ ओली होऊन आवळली होती, सुटेना. त्यांनी दातांनी सोडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चल. शेतावर."

बाया रांगेनं वाकून आवणी करत होत्या. आबांनी मला बांधावर उभं केलं. "बोल." मी बोलले. पाऊस भुरभुरत होता, मला दोनदा मोठ्यानं बोलायला लावलं. ऐकता ऐकता एकेक बाई कंबर सरळ करत उभी राहिली. आत्या बाईंच्या बाजूला उभी होती, पायावर दाव्याचा वळ. माझं झाल्यावर ठकूकाकी हातातली रोपांची जुडी टाकून बांधाशी आली.

"मंजे माजं पोर हिनं वाचीवलं," ती म्हणाली. "आन म्या हिच्या थोबाडीत दिली."

"व्हय," आबा म्हणाले.

काकीला माफी मागायची सवय नव्हती. तिच्या नवऱ्याला विचारा. तिनं थोडा विचार केला आणि आपला गाल पुढं केला. "चिमे, घे. मला येक दे. फिटंफाट."

बायांना वाटलं, आत्या हसेल, किंवा काकीच्या गळ्यात पडेल. मलाही तसंच वाटलं. बाई म्हणायला लागल्या, "नको, चिमाताई." पण आत्याला नेमकं एकच काम सांगितलं होतं आणि ते तिला नीट समजलं होतं. तिनं हात मागे नेला आणि जात्याच्या खुंट्यानं घट्ट झालेल्या त्या हातानं अशी एक ठेवून दिली की ठकूकाकी मागच्या मागे खाचरात बसली. कमरेपर्यंत चिखल. मग काकीनं गाल चाचपला, तोंडातून रोपाची एक काडी काढली आणि म्हणाली, "जोर हाय की रांडंच्या हातात." आणि मग सगळं शेत हसायला लागलं, आबासुद्धा, आणि काकी सगळ्यांत जास्त. आत्या पुन्हा हात मागे नेत होती. तिला वाटलं, आवडलंय. बाईंनी तो कसाबसा धरला.

मला मार बसला नाही. त्याऐवजी आईनं त्या सुट्टीभर आत्याचे नाकं पुसलेले पदर मला धुवायला लावले. मार परवडला असता.

दुसऱ्या दिवशी ताटी पुन्हा बांधली गेली आणि आवणी पुढं सरकली. पण पौडपर्यंत कुणीतरी कळवलंच होतं. आठ-दहा दिवसांनी एक साहेब आले, छत्री, गमबूट, बगलेत वही. ओसरीवर उभं राहून त्यांनी आत्याकडे बघितलं आणि बाईंना म्हणाले, "अशी व्यक्ती लहान मुलांजवळ ठेवणं नियमात बसत नाही." बाई उत्तर देणार तेवढ्यात ठकूकाकी शेतातून आली, पाय चिखलानं भरलेले, मागे आणखी पाच-सहा जणी.

"साहेब, तुमी कवा येताय मंग?"

"कुठं?"

"हितं. उद्यापास्नं. चौदा पोरं हायेत. नाकं पुसायची, हागायला न्यायची, दूध पाजायचं. ही न्हाई चालत तर तुमी या. आमास्नी काय, कुनी बी चालंल."

साहेबांनी पोरांकडे बघितलं. तेवढ्यात एका पोरानं त्यांच्या गमबुटाला धरून, जे आत्याला आधी कळलं असतं, ते केलं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा न घेता गेले. काय लिहिलं ते कधी कळलं नाही, पण मनाई काही आली नाही. आमच्या गावाला एकाएकी मोठं मन फुटलं असं मी म्हणणार नाही. गावाला आवणी उरकायची होती. पण त्या कारणानं का होईना, त्या वर्षापासून देवळापुढून जाणारं माणूस 'येडी' न म्हणता 'चिमा हाय का गं?' असं विचारायला लागलं, आणि माझ्या हयातीत मी पुष्कळ चांगल्या गोष्टी ह्याहून वाईट कारणांनी झालेल्या पाहिल्या आहेत. बाईंची दोन वर्षांनी बदली झाली. नव्या बाई आल्या, त्यांना आत्यानं बालवाडी शिकवली.

मी आता जवळच्याच भऱ्याला मुलाकडे असते. त्यानं वर खोल्या काढून कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्यात. त्यातल्या एकाची बहीण आत्यासारखी आहे. तिकडे गावी घरात असते, म्हणाला. बाहेर का नाही काढत, विचारलं तर म्हणाला, "लोग हँसते हैं, आजी." मी त्याला ठकूकाकीची गोष्ट सांगितली. मराठीत सांगितली, त्याला किती कळली कोण जाणे, पण काकीला थोबाडीत बसली तिथं तो हसला.

त्या आवणीचं भात कापणीला आलं त्या सुमाराला पुण्याच्या आश्रमाचं कार्ड आलं. जागा झाली आहे, अमक्या तारखेला घेऊन यावे. आबांना वाचता यायचं, पण लिहायचं म्हटलं की सहीच्या पुढं जात नसत. त्यांनी मला ओट्यावर बोलावलं. आत्या बालवाडीत गेलेली, आई परड्यात. मी एक कोरं कार्ड आणि टाक घेऊन बसले. त्या प्रकरणानंतर त्यांनी मला पहिल्यांदाच काही महत्त्वाचं सांगितलं होतं, म्हणून माझं अक्षर नेहमीपेक्षा चांगलं येत होतं.

"लिव," आबा म्हणाले. "चिमाला येता येत न्हाई. ती कामावर जाती."

मी शुद्ध करून लिहिलं. "पुढं?"

"पुढं काय. सवड न्हाई म्हनावं." थोडा वेळ त्यांनी तंबाखू मळली. "आन लिव, ती जागा दुसऱ्या कुनाला तरी द्या."

मी तेही लिहिलं. आबांनी ते वाचायला लावलं, ऐकलं, तंबाखू दाढेखाली ठेवली आणि समोरच्या पिवळ्या खाचरांकडे बघितलं.

"ती शेवटली वळ खोड," ते म्हणाले.

"का?"

"ज्याला देत्याल, त्याचं बी कुटंतरी घर आसंलच की."

मी ती ओळ खोडली. कार्ड दुसरं नव्हतं, म्हणून तेच, खोडलेल्या ओळीसकट, घोटवड्याच्या टपालपेटीत टाकून आले.